मोठी डिस्क आणि मागची दोन चाकं

सोलापूरच्या एमएच-१३ पासिंगची, बारा-पंधरा वर्षं वापरलेली छोटी कार कुणी विकत घेतली आणि ‘ब्रेक कमी लागतो’ अशी तक्रार घेऊन गॅरेजात गेला, की त्याला दोन सल्ले मिळतात. पहिला, आहे तेच नीट करून घ्या. दुसरा, वरच्या मॉडेलची पुढची डिस्क आणि कॅलिपर बसवा, मग बघा गाडी कशी थांबते. दुसरा सल्ला मोहक आहे आणि त्यामागचा विचारही हलका नाही. म्हणून तो मी इथे एका मिस्त्रीच्या तोंडून मांडला आहे. हा मिस्त्री कुणी एक विशिष्ट माणूस नाही. गॅरेजांतून नेहमी ऐकू येणारं म्हणणं एका तोंडी घातलं आहे, आणि ते शक्य तितकं भक्कम करून घातलं आहे, कारण दुबळ्या म्हणण्याला उत्तर देऊन काही सिद्ध होत नाही. माझी बाजू आधीच सांगतो. दुसऱ्या मॉडेलचा भाग वापरणं हा गुन्हा नाही. पण पुढचा ब्रेक एकटाच ताकदवान केला, तर गाडी लवकर थांबेलच असं नाही. जोरात ब्रेक मारायची वेळ आली तर ती पूर्वीपेक्षा उशिराही थांबू शकते.

“ओ सर, कंपनी स्वतः काय करते ते बघा की,” मिस्त्री म्हणतात. “एकाच गाडीच्या हलक्या मॉडेलला साधी डिस्क, वरच्या मॉडेलला जाड डिस्क, आतून हवा खेळणारी. बऱ्याच गाड्यांत चाक धरणारा नकल तोच, बोल्टची जागा तीच. एस्टिमला जुन्या बलेनो सेडानचे ब्रेक घालणारे लोक होते, जीपला बोलेरोची डिस्क घालणारे तर आजपण हायेत. कॅलिपर बनवणारी कंपनी एक अन् घेणाऱ्या गाड्यांच्या कंपन्या दहा. मग एका गाडीचं दुसरीला लागलं तर बिघडलं काय? आणि रस्ता बघा. पुणे रोड चौपदरी झाला, शंभरनं गाड्या पळतात. सीझनला मोहोळच्या पुढं ऊसाच्या दोन-दोन ट्रॉल्या जोडलेला ट्रॅक्टर, मागं ना लाइट ना रिफ्लेक्टर. जुन्या गाडीचा ब्रेक जुन्या रस्त्याच्या हिशेबाचा होता. रस्ता बदलला तर ब्रेक बदलायला नको?”

रस्त्याबद्दल मिस्त्री खरं बोलतात, आणि ते किती खरं आहे हे आकड्यांत पाहावं असं आहे. माणसं आणि सामान धरून १२०० किलोची गाडी ८० च्या वेगात असेल तर तिच्यात जवळपास २९६ किलोज्यूल ऊर्जा असते. वेग १०० झाला की ती ४६३ होते. वेग पाव हिश्शाने वाढला, पण ब्रेकला जिरवावी लागणारी ऊर्जा दीडपटीहून जास्त झाली. चौपदरी महामार्गावर कारला १०० ची मर्यादा २०१८ मध्ये मिळाली, म्हणजे कायदा पाळणाऱ्यालाही हा वाढीव बोजा आहेच. पण या ऊर्जेचं पुढे काय होतं ते बघू. ब्रेक तिची उष्णता करतो, तेवढंच त्याचं काम. गाडीला मागे ओढून धरणारं बळ टायर आणि डांबर यांच्या पकडीतून येतं. जोरात पेडल दाबल्यावर चाक जाम होत असेल किंवा एबीएसची थरथर पायाला जाणवत असेल, तर जुना ब्रेक टायरच्या पूर्ण ताकदीपर्यंत पोचलेला आहे. त्या गाडीला याहून मोठा ब्रेक घालून त्याच टायरवर एका थांबण्यात एक फूटही वाचणार नाही.

राहिली उष्णता. १०० वरून एकदा पूर्ण थांबताना वरच्या ऊर्जेतला सुमारे ७८ टक्के वाटा पुढच्या दोन डिस्क घेतात असं धरलं, तर प्रत्येकीला १८० किलोज्यूल येतात. ४ किलो वजनाची बिडाची डिस्क त्याने साधारण ९८ अंशांनी तापेल, ६ किलोची ६५ अंशांनी. ही सगळी उष्णता डिस्कमध्येच साठली असं धरून केलेला हिशेब आहे. प्रत्यक्षात थोडी वाऱ्यावर जाते. डिस्क-पॅड याच्या कितीतरी पट तापमान सोसू शकतात. म्हणजे सोलापूर-पुणे रस्त्यावर ट्रॉली दिसली आणि एकदा कचकन ब्रेक मारला, या प्रसंगात छोट्या डिस्कची उष्णतेपायी काही अडचण होत नाही. इथल्या उन्हालाही लोक उगाच दोष देतात. पुण्यात २५ अंश आणि सोलापुरात ४३ असले तरी फरक १८ अंशांचा. तापलेल्या डिस्कला तो जाणवतही नाही. ऊन खरं मारतं ते रबराला. टायर कडक होतात, कॅलिपरचे सील आणि रबरी होज वाळतात. त्याकडे नंतर येतो.

“सर, तुमचा हिशेब कागदावरचा,” मिस्त्री म्हणतात. “माझा ग्राहक डिस्क बदलून चौकापर्यंत चक्कर मारून येतो आणि म्हणतो, मिस्त्री, आता पाय ठेवला की गाडी बसते. तो काय खोटं बोलतो?”

नाही, खोटं बोलत नाही. पण त्याला जाणवलं ते आणि त्याला हवं होतं ते, या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. उदाहरणासाठी मापं घेऊ. जुन्या कॅलिपरचा पिस्टन ४८ मिलिमीटरचा, डिस्क २१५ ची. नव्या कॅलिपरचा पिस्टन ५४ चा, डिस्क २४० ची. पिस्टनचं क्षेत्रफळ २७ टक्क्यांनी वाढलं, आणि पॅड जिथे पकडतो ती त्रिज्या साडेसत्याऐंशी मिलिमीटरवरून शंभरावर गेली. दोन्ही मिळून पायाच्या तेवढ्याच दाबाला पुढचा ब्रेक ४५ टक्के जास्त जोर लावतो. चौकापर्यंतच्या चकरेत, हलक्या पायाला, हाच फरक कळतो. ‘गाडी बसते’ ती यामुळे. याच्या बदल्यात तेवढाच पिस्टन सरकवायला २७ टक्के जास्त ब्रेक ऑइल लागतं आणि मास्टर सिलेंडर तर जुनाच असतो, म्हणून पेडल आधीपेक्षा खोल जातं. काही ग्राहकांना तेही मऊ, सुखावणारं वाटतं. पण ट्रॉली समोर आल्यावर माणूस पेडल हलकं दाबत नाही, जीव एकवटून दाबतो, आणि तिथे हिशेब उलटतो.

जोरात ब्रेक लागला की गाडीचं वजन पुढे झुकतं, मागचा भाग हलका होतो. म्हणून कंपनी ब्रेकचा जोरही पुढे जास्त, मागे कमी असा वाटून देते. ही वाटणी गाडीचं पुढचं-मागचं वजन, गुरुत्वमध्याची उंची आणि चाकांमधलं अंतर यांवर बेतलेली असते. समजा एका गाडीचं ६० टक्के वजन पुढे आहे, गुरुत्वमध्याची उंची व्हीलबेसच्या २२ टक्के आहे, आणि ब्रेकची वाटणी ७८-२२ आहे. कोरड्या डांबरावर टायरची पकड ०.८ धरली, तर पुढची चाकं जाम होण्याच्या अगदी काठावर ही गाडी १०० वरून साधारण ४९.५ मीटरमध्ये थांबते, आणि त्या क्षणी मागचे टायर आपल्या पकडीतला सुमारे ९७ टक्के वाटा वापरत असतात. म्हणजे चारही चाकं कामाला लागलेली असतात. आता वरची डिस्क आणि कॅलिपर चढवा. मागे काहीच बदललं नाही, म्हणून वाटणी जवळजवळ ८४-१६ होते. पुढची चाकं आता लवकर जाम होतात. एबीएस नसेल तर त्या काठावर पाय आवरावा लागतो, आणि तोपर्यंत मागच्या टायरांची जेमतेम ६२ टक्के पकड वापरात आलेली असते. थांबायला लागतात ५४ मीटर. पैसे खर्च करून, ‘ताकदवान’ ब्रेक लावून, गाडी साडेचार मीटर पुढे जाऊन थांबते. साडेचार मीटर म्हणजे एका मोठ्या सेडानची लांबी. जूनमधला पहिला पाऊस रस्त्यावरच्या तेल-मातीचा चिखल करतो. तिथे पकड ०.४ धरून ८० वरचा हिशेब केला तरी ७२.५ मीटरचे साडेअठ्ठ्याहत्तर होतात. हे आकडे कुठल्या एका गाडीचं मोजमाप नाहीत, आणि मागचा दाब कमी करणारा व्हॉल्व्ह हिशेबात धरला तर ते थोडे सरकतील. पण दिशा बदलणार नाही. पुढचा जोर एकट्याने वाढवला की मागची दोन चाकं बेकार बसतात.

तरीही त्या माणसाला आपला ब्रेक सुधारला असंच वाटत राहतं. काठापर्यंत जायची वेळ वर्षात एकदाही येत नाही, आणि येते त्या दिवशी दोन्ही ब्रेकची तुलना करायला कुणी मोकळं नसतं.

“मग सोपं आहे,” मिस्त्री म्हणतात. “मागंपण डिस्क घालतो. वाटणी पहिल्यासारखी.”

वाटणी परत आणायची म्हणून मागे किती जोर वाढवायचा हे मोजलं नाही, तर आधीची चूक बरी म्हणायची वेळ येते. पुढची चाकं आधी जाम झाली तर गाडी वळत नाही, पण सरळ तरी जाते, आणि पाय थोडा उचलला की स्टिअरिंग परत हातात येतं. मागची आधी जाम झाली तर मागचा भाग बाजूला निघतो आणि गाडी स्वतःभोवती फिरते. ती आवरणं सरावलेल्या ड्रायव्हरलाही जमेलच असं नाही. सगळ्या कंपन्या पुढची चाकं आधी जाम व्हावीत अशीच रचना ठेवतात, त्याचं कारण हेच. मागच्या ड्रमबरोबर हँडब्रेकही जातो, त्याची वेगळी सोय करावी लागते. ज्या गाडीत एबीएस आहे तिथे प्रश्न आणखी अवघड होतो, कारण चाकाचा दाब किती वेगाने सोडायचा आणि पुन्हा भरायचा हे तिच्या मूळ कॅलिपरला किती तेल लागतं त्यावर बसवलेलं असतं. २०१९ च्या एप्रिलपासून भारतात विकल्या जाणाऱ्या प्रत्येक नव्या कारला एबीएस आहे. त्या गाड्यांत भंगारातल्या कॅलिपरचा प्रयोग करूच नये असं माझं स्पष्ट मत आहे.

“आणि जीप?” मिस्त्री विचारतात. त्यांचा हा सगळ्यात मजबूत मुद्दा आहे. “चारही चाकांना ड्रम. वडापच्या जीपा आम्ही बघितल्यात, आत बारा अन् टपावर चार. पावसात ओढ्यातनं गाडी काढली की पुढचे दोन फर्लांग ब्रेकच न्हाई. लागला तर एका बाजूला ओढणार. त्या जीपला बोलेरोची डिस्क घालू नका म्हणणारा माणूस मला दाखवा.”

असा माणूस मी तरी नाही. इथे मिस्त्रींचं म्हणणं मला पूर्ण मान्य आहे. ड्रम तापला की फुगतो आणि शूपासून दूर जातो. डिस्क तापली की जाड होते, पॅडच्या दिशेने. ड्रममध्ये शिरलेलं पाणी आतच फिरतं, डिस्कवरचं फेकलं जातं आणि पॅडने पुसलं जातं. एका बाजूचा शू थोडा कमी-जास्त लागला की जीप रस्ता सोडते. डिस्क ब्रेकची कल्पना जुनी आहे, लँचेस्टरने तिचं पेटंट १९०२ मध्ये घेतलं होतं. पण तिचा कस लागला तो १९५३ च्या ल माँ शर्यतीत, जेव्हा डनलॉपच्या डिस्क लावलेल्या जॅग्वार दिवसभर-रात्रभर त्याच ताकदीने थांबत राहिल्या आणि जिंकल्या. दोनच वर्षांत सिट्रोएनने पुढच्या डिस्क असलेली घरगुती गाडी विकायला काढली. आपल्याकडे मात्र अँबॅसडर, पद्मिनी आणि जीप पुढची कित्येक वर्षं ड्रमवरच धावल्या. ही उणीव मिस्त्रींनी आपल्या हातांनी भरून काढली असेल तर त्याचं श्रेय त्यांना दिलं पाहिजे.

पण जीपच्या उदाहरणातूनच माझा मुद्दा अधिक पक्का होतो. हे काम ज्यांनी नीट केलं ते फक्त डिस्क लावून थांबले नाहीत. ड्रममधला पुढचा शू चाकाच्या फिरण्यानेच ड्रमवर आणखी दाबला जातो, त्यामुळे थोड्या दाबात जास्त जोर मिळतो. डिस्कला ही फुकटची मदत नाही, तिला दाब खूप जास्त लागतो, म्हणून बूस्टर लागतो. बूस्टरला व्हॅक्यूम लागतं आणि डिझेल इंजिनात ते आपोआप तयार होत नाही, म्हणून व्हॅक्यूम पंप लागतो. जुन्या ड्रमच्या लाइनीत थोडा दाब कायम धरून ठेवणारा छोटा व्हॉल्व्ह असतो. तो तसाच राहिला तर पॅड डिस्कला घासत राहतात, पाच किलोमीटरवर चाकाला हात लावून बघितला तर भाजतो, आणि दोष मात्र ‘बोलेरोच्या कॅलिपर’वर जातो. कॅलिपरला तेल जास्त लागतं, म्हणून मास्टर सिलेंडर बदलतो. शेवटी मागचे ड्रम पुढच्या नव्या जोराशी जुळतात का ते बघावं लागतं. जीपमध्ये डिस्क यशस्वी झाली ती पेडलपासून मागच्या चाकापर्यंत सगळी साखळी बदलली तेव्हा. छोट्या कारमध्ये मात्र एकच कडी बदलून उरलेली साखळी तशीच ठेवली जाते.

मिस्त्री एवढ्यावर थांबत नाहीत. “साखळी म्हणा, काही म्हणा. पण हे काम आमच्या हातानं होत न्हाई असं म्हणू नका. या सोलापुरात कॅमशाफ्ट बनतात अन् परदेशातल्या गाड्यांत बसतात. बीड ओतणारं गाव आहे हे. लेथवर ब्रॅकेट करायला काय लागतं? इंजिनिअरिंगची पोरं बाहाच्या गाडीला छोट्या कारचे कॅलिपर लावतात, ते चालतं. मिस्त्रीनं लावलं की जुगाड?”

या प्रश्नात जो सल आहे तो रास्त आहे. ‘जुगाड’ हा शिक्का कामावर न मारता माणसावर मारला जातो, हे खरं आहे आणि वाईट आहे. म्हणून हाताच्या कसबावर मला बोलायचंच नाही, मोजण्यावर बोलायचं आहे. सोलापूरच्या प्रिसिजन कॅमशाफ्ट्सचा माल जगभरच्या इंजिनांत बसतो, तो ओतणाऱ्याचा हात चांगला आहे एवढ्यावर कुणी घेत नाही. मापं तपासून, नोंदवून, मग तो बाहेर पडतो. कॉलेजच्या मुलांनी स्वतः गाडी बांधायच्या बाहा स्पर्धेतल्या मुलांचंही तसंच. ती कुठल्या तयार गाडीत अर्धा ब्रेक बदलत नाहीत. पेडलचं गुणोत्तर, मास्टर सिलेंडर, पुढचे आणि मागचे कॅलिपर असं सगळं आपल्या गाडीच्या वजनावरून पहिल्यापासून काढतात. त्यांच्या परीक्षेतली अटही लक्षात घेण्यासारखी आहे: जोरात ब्रेक मारल्यावर चारही चाकं जाम झाली पाहिजेत. पुढची दोनच जाम झाली तर गाडी नापास.

ब्रॅकेटचं म्हणाल तर त्याच्यावर काय येतं ते पाहा. आपल्या १२०० किलोच्या गाडीत पूर्ण ब्रेकला एका पुढच्या चाकावर साधारण ३६५० न्यूटन बळ येतं. टायरची त्रिज्या २७ सेंटिमीटर आणि पॅडची १० सेंटिमीटर धरली, तर कॅलिपर धरून ठेवणाऱ्या त्या पट्टीला आणि तिच्या दोन बोल्टना जवळपास एक टन ओढ सोसावी लागते, आणि ती प्रत्येक जोरदार ब्रेकला पुन्हा पुन्हा. माइल्ड स्टीलची पट्टी गॅसने कापली, भोक थोडं मोठं पडलं, वेल्डिंगच्या टोकाशी बारीक चीर राहिली, तर ती पहिल्या दिवशी तुटणार नाही. हजारो वेळा ताण बसून चीर वाढत जाईल आणि नेमकी सगळ्यात मोठ्या ओढीला पट्टी सुटेल. बोल्टच्या डोक्यावर ८.८ किंवा १०.९ हा आकडा आहे का, एवढं पाहायलाही अनेक ठिकाणी वेळ नसतो. म्हणून माझा नियम कडक आहे: ज्या बदलाला घरी बनवलेलं ब्रॅकेट लागतं तो बदल रोजच्या रस्त्यावरच्या कारमध्ये नको. त्याच नकलवर, कंपनीच्या मूळ भोकांत बसत असेल तरच पुढे बोलावं.

आणि तसं बसत असेल तर? मग मिस्त्रींच्या सल्ल्याला एक चांगली वाट आहे. कुटुंब आणि सामान घेऊन कुंभार्ली किंवा आंबेनळी घाट उतरणाऱ्याला उष्णतेचा प्रश्न खरोखर येतो. आपली गाडी १०० मीटर खाली उतरली की १०० च्या वेगावरून अडीच वेळा पूर्ण थांबण्याइतकी ऊर्जा जिरवावी लागते. ६०० मीटर उतरली तर पंधरा वेळा, आणि मध्ये थंड व्हायला उसंत नाही. खालच्या गिअरमध्ये उतरणं हा पहिला उपाय आहेच. त्याला जोड हवी असेल, तर त्याच गाडीच्या वरच्या मॉडेलची, त्याच व्यासाची पण जाड आणि आतून पोकळ खाचा असलेली डिस्क घ्यावी, आणि तिचा कॅलिपर तेवढ्याच पिस्टनचा असावा. पिस्टन तोच, त्रिज्या तीच, म्हणून पुढचा जोर वाढत नाही आणि वाटणी ढळत नाही. वाढते ती फक्त उष्णता साठवण्याची आणि वाऱ्यावर सोडण्याची ताकद. ‘मोठी’ डिस्क मागण्याऐवजी ‘जाड’ डिस्क मागावी. शिवाय बारा इंची चाकात मोठी डिस्क मावत नाही, मग चाकं बदला, मग टायर बदला, मग स्पीडोमीटर चुकतं, असं जे एकामागून एक लचांड लागतं तेही टळतं.

कायद्याचा मुद्दा मी मुद्दाम उशिरा घेतो, कारण लोक तो पहिला घेतात आणि वाद तिथेच संपवतात. मोटार वाहन कायद्याचं कलम ५२ मूळ रचनेत बदल करायला बंदी घालतं. सर्वोच्च न्यायालयाने जानेवारी २०१९ मध्ये ती ठामपणे उचलून धरली, आणि त्याच वर्षीच्या दुरुस्तीने नियमबाह्य बदलाला मालकाला प्रत्येक बदलामागे ५००० रुपये दंड किंवा सहा महिन्यांपर्यंत कैद, किंवा दोन्ही, अशी तरतूद आली. मिस्त्री यावर म्हणतात, “आरसी बुकात डिस्कचा व्यास कुठं लिहिलाय?” लिहिलेला नाही, हे खरं. कलमाची भाषा आरसीतल्या तपशिलांबद्दल आहे, हेही खरं. वकील यावर वाद घालू शकतील. पण अपघातानंतर विमा कंपनीचा सर्व्हेअर चाक उघडून बघतो तेव्हा हा वाद मालकाला स्वतःच्या खर्चाने घालावा लागतो. मला त्याहून मोठी उणीव वाटते ती दुसरीच. गाडीच्या धुराची तपासणी ठरावीक मुदतीने होते, आणि खासगी कारचा ब्रेक पहिली पंधरा वर्षं सरकार एकदाही मोजत नाही. प्रत्येक चाकाचा ब्रेक किती जोर लावतो आणि डाव्या-उजव्यात किती फरक आहे, हे सांगणारी रोलरची यंत्रं अस्तित्वात आहेत. ती पीयूसीइतकी सहज मिळाली असती, तर हा सगळा वाद पाच मिनिटांत एका कागदावर सुटला असता.

“शेवटचं बोलतो,” मिस्त्री म्हणतात. “ग्राहक दुरुस्तीचे पैसे देत न्हाई. पिना साफ केल्या, ऑइल बदललं, ड्रम ॲडजस्ट केला, तर म्हणतो एवढ्याचे एवढे पैसे? डिस्क नवी दिसते, डोळ्याला दिसते, तिचे देतो. आम्ही पोट कशावर भरायचं?”

हा प्रश्न खरा आहे, आणि त्याचं उत्तर ग्राहकाने द्यायला हवं. ‘ब्रेक कमी लागतो’ अशी तक्रार असलेल्या जुन्या गाडीत बहुतेक वेळा मागचे ड्रमच काम करत नसतात. ॲडजस्टर गंजून अडकलेला असतो, व्हील सिलेंडर झिरपून शू तेलकट झालेले असतात, हँडब्रेक सात-आठ दात वर आल्याशिवाय धरत नाही. म्हणजे त्या गाडीची वाटणी आधीच बिघडून सगळा भार पुढे गेलेला असतो. मोठी पुढची डिस्क लावणारा माणूस त्या बिघाडातच भर घालतो, आणि मेलेली मागची चाकं झाकून टाकतो. पेडल कडक राहून गाडी थांबत नसेल तर पॅड, बूस्टर आणि व्हॅक्यूमच्या पाइपकडे बघावं. पेडल फरशीला टेकत असेल तर हवा, गळती किंवा उकळलेलं ऑइल. ब्रेक ऑइल हवेतलं पाणी ओढतं. डॉट ३ ऑइल कोरडं असताना निदान २०५ अंशांपर्यंत उकळत नाही, पाणी मुरल्यावर ही मर्यादा १४० वर येते; डॉट ४ साठी हेच आकडे २३० आणि १५५ आहेत. वर्षानुवर्षं न बदललेल्या ऑइलवर नवी डिस्क घातली तर घाटात पेडल तसंच खाली जाणार. पॅडच्या कडेला छापलेल्या अक्षरांत ‘ई’ असेल तर घर्षण कमी, ‘एफ’ असेल तर मध्यम, ‘जी’ असेल तर त्याहून जास्त. चांगल्या कंपनीचे मूळ दर्जाचे पॅड घालणं हा सगळ्यात स्वस्त बदल आहे. आणि टायर. बाजूला छापलेल्या शेवटच्या चार आकड्यांत आठवडा आणि वर्ष असतं. २३१८ म्हणजे २०१८ सालचा तेविसावा आठवडा. सोलापूरच्या उन्हात सात-आठ वर्षं उभा राहिलेला टायर नक्षी शाबूत असली तरी लाकूड झालेला असतो. पकड तिथूनच येते. भंगारातल्या कॅलिपरला जे पैसे मोजायचे ते आधी तिथे घालावेत.

मिस्त्रींनी या कामाचे पैसे ठणकावून मागावेत, आणि ग्राहकाने ते नवी डिस्क न बघता द्यावेत. त्यासाठी काम दिसेल असं करता येतं. काढलेले जुने शू आणि पॅड ग्राहकाच्या हातात द्यावेत, ऑइलची तारीख बाटलीवर लिहावी, मागचे ड्रम उघडून दाखवावेत. आणि हे सगळं करूनही, विचार करून, त्याच नकलवर वरच्या मॉडेलचा जाड डिस्क-कॅलिपर बसवलाच, तर कोणत्या मॉडेलचा, कोणत्या सालचा आणि कोणत्या पार्ट नंबरचा, हे सर्व्हिस बुकात ठळक लिहून द्यावं. दोन वर्षांनी पॅड झिजतील तेव्हा गाडी बार्शीत किंवा अक्कलकोटला दुसऱ्याच मिस्त्रीसमोर उभी असेल. तो आरसीवरचं मॉडेल वाचेल आणि त्या मॉडेलचे पॅड मागवेल.